फोर बाय फोर पिकअप, नऊ महिन्यांनंतर : त्या हिरव्या दिव्यानं रक्त आटवलं

ॲव्हरेज, पॉवर, एसी यावर सगळ्यांनी लिहून झालंय. मी डॅशबोर्डवरच्या फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर जातोय हे सांगणाऱ्या दिव्याबद्दलच लिहिणार.

जून सरता सरता गाडी घेतली, सेकंडहँड. केळी सावद्याच्या खालच्या अंगाला, तापीकडची काळी जमीन. पाऊस झाला की गुडघाभर चिखल. पहिल्याच आठवड्यात रिकामी गाडी बागेत रुतली. मला वाटायचं, रिकामी हलकी, ती निघेल, भरलेली रुतेल. उलटंच आहे. हौद्यात माल नसला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, ती जागच्या जागी गरागरा फिरतात. फिरायला लागल्यावर मी फोर बाय फोरचा लिव्हर ओढला, तोवर गाडी पोटावर बसली होती. शेजारच्या ट्रॅक्टरनं काढली, पाचशे रुपये गेले. तेव्हापासून बांधावरच फोर हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकतो, मग आत शिरतो. पुन्हा रुतलो नाही.

त्रास सुरू झाला तो बाहेर आल्यावर. डांबरीवर येऊन टू हाय (फक्त मागच्या चाकांना जोर) केलं तरी दिवा विझेना. पंपावर वळवताना स्टिअरिंग दगड, गाडी हँडब्रेक लावल्यासारखी अडखळे. सर्व्हिसवाल्यांनी पुढच्या ॲक्सलचा ॲक्च्युएटर (पुढची चाकं जोडणारा-सोडणारा भाग) गेल्याचं सांगून साडेचौदा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. गाडी न उघडता! तिथं जे बोललो ते इथं लिहीत नाही.

गावातल्या आबांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर हाकलाय. म्हणाले, "भो, सरळ दहा फूट मागं घे." घेतली. टक् आवाज झाला, दिवा गेला.

तर चूक माझीच होती. या गाडीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नाही. फोर हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या डांबरीवर घसरता येत नाही, मग सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये (पुढं-मागं जोर वाटणारी गिअरपेटी) साठतो आणि गिअर अडकतो. मी बागेतून निघून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यानं फैजपूरपर्यंत तसाच जायचो, म्हटलं चार चाकं म्हणजे ग्रिप जास्त. ब्रेकला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

इथंच लिहिणं संपवणार होतो. पण ऑक्टोबरात सरळ रस्त्यावर शंभर पावलं गेलो तरी दिवा अडायला लागला. पंक्चरवाल्यानं टायर बघून विचारलं, "दोनच नवे टाकले का?" हो, पुढचे दोनच, मागचे अजून वर्षभर चालले असते. नव्या टायरची नक्षी जुन्यापेक्षा सहा मिलिमीटर उंच, म्हणजे दर फेऱ्याला जवळपास पावणेचार सेंटिमीटरचा फरक. सरळ चालतानाही पीळ पडणारच. काटकसर अंगाशी आली. दिवाळीचा कपडा बाजूला ठेवून मागचे दोन घेतले, त्याच कंपनीचे, त्याच साइजचे.

फोर लो (चारही चाकं, वेग कमी, ओढ जास्त) दोनदाच लागला, भरलेली गाडी नाल्यातून वर काढताना. पूर्ण थांबून, न्यूट्रल करून टाका. चालत्या गाडीत टाकलात तर गिअरचे दात मोजत बसाल.

आता चिखल नाही, तरी महिन्यातून एकदा नदीच्या वाळूत फोर हायवर दोन किलोमीटर फिरवतो, आतलं ऑइल हललं पाहिजे म्हणून. बायको विचारते, डिझेल काय नदीला वाहून येतं का. एस्टिमेटचा कागद अजून जपून ठेवलाय, तो तिला दाखवतो.