पहाटेचा रंकाळा, उन्हातलं विद्यापीठ की जिमचा पट्टा? साठीच्या आसपास पळणाऱ्यांसाठी हिवाळ्याचा हिशेब

आमचे मेव्हणे ५८ वर्षांचे. एप्रिलच्या उकाड्यात पळतात, जुलैच्या झडीत भिजत पळतात, आणि दरवर्षी न चुकता डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थांबतात. संक्रांतीला तिळगूळ द्यायला येतात तेव्हा शूज माळ्यावर गेलेले असतात. मग मार्चात पुन्हा श्रीगणेशा. यंदा दिवाळीचा फराळ खाता खाता त्यांनी सरळ विचारलं, "दाजी, एकच सांगा. पहाटे रंकाळ्यावर येऊ, ऊन पडल्यावर विद्यापीठात जाऊ, का जिमचे पैसे भरून टाकू?"

मी कोल्हापूरचा, आता ६३ चा. हे तिन्ही प्रकार एकेक हिवाळा करून बघितलेत, त्यामुळं उत्तर द्यायचा अधिकार आहे असं समजतो. फक्त प्रश्न थोडा फिरवून घेतो. पळायला मजा कुठं येते हे विचारलंत तर तिन्हीकडं येते, जिममध्येसुद्धा. आपल्या वयात विचारायचं ते असं: यातलं कुठलं कशानं मोडणार? प्रत्येक ठिकाणाची मोडायची एक ठरलेली जागा असते, आणि ती ज्याच्या त्याच्या घरात, नोकरीत, गुडघ्यात असते.

मोडलं तर काय बिघडतं, हेही आधी बघू. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल ताकद उतारवयात दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी उतरते. नेमानं पळणाऱ्याची घसरण बरीच हळू होते. पळणं बंद केलं की दोनेक आठवड्यांतच दम उतरायला लागतो. परत सुरू केलं की तो परत येतोही. खरी अडचण टाचेमागच्या शिरेची, डॉक्टर जिला अकिलीस टेंडन म्हणतात तिची. दम लवकर भरून येतो, शीर मागं राहते. माणसाला वाटतं आपण पहिल्यासारखे झालो, तो जोर लावतो, आणि मार्चमध्ये लंगडत डॉक्टरकडं जातो. मेव्हण्यांचं दोनदा असंच झालंय. त्यांचा मार्च बिघडतो तो डिसेंबरमुळं.

गंमत अशी की कोल्हापूरचा हिवाळा पळण्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो, एखादी लाट आली तर १०-१२ पर्यंत उतरतो. ही काही शिमल्याची थंडी नव्हे. लांब पळणारे लोक असल्या हवेसाठी गावं बदलतात. मग आपल्याला काय होतं? थंडीपेक्षा अंधार आडवा येतो. जूनमध्ये इथं सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो. २२ डिसेंबरला सातला दोन मिनिटं कमी असताना येतो, आणि लोकांना वाटतं, चला, सगळ्यात लहान दिवस सरला, आता सुटलो. पण तिळातिळानं वाढणारा दिवस आधी संध्याकाळच्या बाजूनं वाढतो. सकाळ अजून मागंच सरकत असते. जानेवारीच्या मध्याला सूर्योदय सातच्या पुढं पाच-सहा मिनिटं गेलेला असतो. म्हणजे जे लोक डिसेंबर निभावतात ते जानेवारीत गळतात, आणि का गळलो ते त्यांना कळत नाही.

पहाटेचा रंकाळा

माझा पहिला हिवाळा इथला. सव्वापाचला रंकाळा टॉवरपाशी चौघं जमायचो. पाण्यावर धुकं, शालिनी पॅलेसच्या बाजूला नुसता काळा ठिपका, माकडटोपीतली माणसं ओळखायची ती चालीवरून. या ठिकाणाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे माणसं. पाच वाजून पाच मिनिटांनी फोन वाजायचा, पलीकडून एवढंच: "येताय न्हवं?" या प्रश्नाला नाही म्हणायला रजईतून जेवढं धाडस लागतं, त्यापेक्षा उठायला कमी लागतं. वाट सपाट, बसायला जागा जागोजागी, मध्येच थांबावंसं वाटलं तर चारचौघांत थांबता येतं. पळून झाल्यावर गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास. हे ट्रेडमिलवर मिळत नाही.

आता मोडायची जागा. तिसऱ्या आठवड्यात मी रंकाळ्यावर पोचायच्या आधीच, आमच्याच गल्लीत, पडलो. शेजारचे माझ्याबरोबर होते, उसाच्या दरावरून आमचं जोरात चाललेलं. रात्रीत कुणीतरी वाळूचा ढीग टाकला होता. बॅटरी हातात होती, पण ती मी बोलताना हातवारे करायला वापरत होतो. तळहात खरवडला, गुडघा पुरीसारखा फुगला. विशीत चार दिवसांत विसरलो असतो; इथं तीन आठवडे गेले. साठीच्या डोळ्याला तरुण डोळ्यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो, हे मला चष्मेवाल्यानं नंतर सांगितलं. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यानं पुढची पाच पावलं नुसती पांढरी दिसतात.

दुसरं, रक्तदाब. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात, दाब वर जातो. त्यात पहाटेची वेळ अशीही हृदयाला जड. गोळी चालू असलेल्यानं रजईतून उठून थेट रस्त्यावर पळायला लागू नये. मी घरातच दिवाणखान्यात दहा मिनिटं फेऱ्या आणि दहा-बारा बैठका मारतो, मग दार उघडतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघायचं का, हे आधी डॉक्टरांना विचारावं, माझ्यासारख्याला विचारू नये.

तिसरं म्हणजे धूर. थंड पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळं धूर वर जात नाही. पेटलेले बंब, कचऱ्याच्या शेकोट्या, गावाबाहेर पेटवलेलं पाचट, सगळं नाकाच्या उंचीवर तरंगत असतं. दमा असलेल्या आमच्या चौथ्या भिडूनं जानेवारीत नाइलाजानं सोडलं, आणि चौघांचे तिघं झाले की फोनही पातळ होतो.

उन्हातलं विद्यापीठ

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची, आवार साडेआठशे एकरांच्या घरातलं. झाडी, मोर, आणि पायाला कळणारे चढ-उतार. साडेसात-आठला गेलं की धूर वर गेलेला असतो, रस्ता दिसतो, अंगावर ऊन. पायाखाली काही ठिकाणी माती मिळते, ती गुडघ्याला आवडते. चढ ही तर आपल्या वयाची शाळाच. चढावर वेग कमी असतो, पाय जोरानं आपटत नाहीत आणि मांड्या, पोटऱ्या मात्र पुरेपूर कामाला लागतात. उतारावर उलटं. उतार चालतच उतरावा, लाज वाटून घेऊ नये. विद्यार्थी शेजारून सुसाट जातात, जाऊ द्यावेत. आवारात कुठल्या वेळेला सोडतात ते फाटकावर एकदा विचारून यावं.

शास्त्र विचारलंत तर हाच पर्याय पहिला. पण माझा सगळ्यात जास्त बुडालेला हिवाळा हाच.

कारण आठ वाजता मी एकटा राहत नाही. पहाटे सव्वापाचला माझ्याकडं कुणाचं काही काम नसतं. आठला असतं. नातीची स्कूलबस, गॅस सिलिंडर, बँकेत हयातीचा दाखला, "एवढं दळण टाकून जा, वाटेतच आहे." तुळशीचं लग्न झालं की लग्नांची रांग, मग दत्तजयंतीला नृसिंहवाडी, मग धुंधुरमास, म्हणजे सकाळी सूर्याबरोबर बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी आणि लोण्याचा गोळा. ते खाऊन कोण पळणार? भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पळालेल्या दिवसाला लाल गोल करतो. त्या वर्षीच्या जानेवारीच्या पानावर गोलांपेक्षा दूधवाल्याच्या खुणा जास्त आहेत. घरात कुणी मुद्दाम अडवत नाही. आपणच घरात दिसतो, म्हणून कामं सापडतात.

ज्यांच्या घरी दोघंच आहेत किंवा ज्यांनी घरच्यांना "साडेसात ते नऊ मी नाही" हे पक्कं पटवून दिलंय, त्यांनी पुढचं वाचायचीही गरज नाही. विद्यापीठ गाठावं.

जिमचा पट्टा

याला, म्हणजे ट्रेडमिलला, नावं ठेवणाऱ्यांत मी पुढं होतो. मग गुडघा दुखावल्यावर फिजिओथेरपिस्टनं तिथंच पाठवलं, आणि मत बदललं. उजेड, सपाट पट्टा, धूर नाही, कुत्री नाहीत, छातीत काही झालं तर बाजूला माणसं. वेग दशांशात लावता येतो. दुखण्यातून उठलेल्याला "आज एवढंच" असं बांधून ठेवणारं दुसरं साधन नाही. वाऱ्याची भरपाई म्हणून एक टक्का चढ लावावा असं सांगतात. आपल्या वेगाला वाराच एवढा कमी लागतो की लावला काय, न लावला काय. दांडी मात्र धरायची नाही, आणि सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवायचीच. मी एकदा टीव्हीवरची कुस्ती बघत होतो आणि पट्ट्याच्या मागच्या टोकाला पोचलो होतो.

उणं इतकंच की पट्टा कायम सारखाच असतो. घोट्याला खाचखळग्यात सावरायची सवय राहत नाही, आणि म्हातारपणी पडण्यापासून तीच सवय वाचवते. पट्टाच वापरणार असाल तर एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, असलं काहीतरी जोडीला हवं. आणि कंटाळा. मी वीस मिनिटांवर पट्टा कधीच सोसू शकलो नाही. पण आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, पूर्ण हिवाळाभर, मला जमली.

संध्याकाळचं विचाराल तर शरीर तेव्हा सगळ्यात मोकळं असतं, हे खरं. पण डिसेंबरात सहानंतर चार-पाच मिनिटांत सूर्य मावळतो, रंकाळ्याच्या चौपाटीला भेळेची गर्दी, आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर गळीत हंगाम. फुलेवाडीच्या पुढं एकदा अंधारात ट्रॅक्टरमागची दुसरी ट्रॉली, मागं दिवा नाही, आणि बाहेर आलेलं उसाचं कांडं माझ्या बाहीला घासून गेलं. पासपोर्टप्रमाणे १९११ चा जन्म असलेले फौजा सिंग, २०११ साली टोरांटोत मॅरेथॉन पुरी करणारे, २०२५ च्या जुलैत आपल्या गावाजवळच्या रस्त्यावर गाडीच्या धडकेनं गेले. मला हा पर्याय नको.

मग निवडायचं कसं

एकटं असल्यावर आळस येतो, डोळे ठीक आहेत, दाब ठीक आहे आणि घर रंकाळ्याच्या बाजूला आहे: रंकाळा. पण सव्वापाचऐवजी सव्वासहा, अंगात चमकणारी पट्टी, आणि सोबती निदान तीन. स्वतःच्या वेळेचे मालक असाल तर विद्यापीठ. रक्तदाब, दमा, मोतीबिंदू, नुकतंच दुखणं, यातलं काहीही असेल तर पहाटेऐवजी पट्टा, निदान फेब्रुवारीपर्यंत.

कुठलाही घ्या, एक राखीव ठेवा. माझे तीन हिवाळे तीन तऱ्हेनं उणे पडले, चौथा पडला नाही, कारण चौथ्यात मुख्य रंकाळा होता आणि तो चुकला की त्याच दिवशी पट्ट्यावर वीस मिनिटं, कितीही हळू. सर्दी नाकापुरती असेल तर हळू पळा. छातीत उतरली, ताप आला, तर राखीवही नको. आठवड्यात पळायचे दिवस चार, शक्यतो मध्ये एकेक दिवस मोकळा, आणि त्या मोकळ्यांतले दोन दिवस बैठका. तालमीच्या गावात राहून बैठकांना वेगळं इंग्रजी नाव द्यायची गरज नाही.

घर किती जवळ, याला मी मुद्दाम वजन देतो. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी ७३ व्या वर्षी तीन तासांच्या आत मॅरेथॉन पळून दाखवली, २ तास ५४ मिनिटांत. ते सराव करायचे घराजवळच्या दफनभूमीत, त्याच त्या वाटेवर तासन्‌तास फेऱ्या मारत. देखावा बघायला ते बाहेर पडत नव्हते.

मेव्हण्यांचं घर राजारामपुरीत, नोकरी मेपर्यंत, रक्तदाबाची गोळी रोज एक. रंकाळ्यावर यायचं म्हणजे त्यांना अख्खं गाव ओलांडायचं. तेव्हा त्यांना सांगितलं ते असं: मंगळवार आणि गुरुवार ऑफिसातून येताना जिम, वीस मिनिटं. शनिवारी-रविवारी साडेसातला विद्यापीठ. जिमचे पैसे तीन महिन्यांचेच भरा, वर्षाचे नकोत. आणि कपडे असे घाला की घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे.

शेवटचं त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या रविवारी फाटकाशी आले ते जावयाचं जाड जर्किन घालून, वर मफलर. पहिल्याच चढावर जर्किन कमरेला आलं, दुसऱ्या चढावर मफलर माझ्या हातात. परत येईपर्यंत मीच तो सांभाळत होतो.