आयसीयूतला नवा सेंट्रल मॉनिटर: पावसाळ्यापासून वापरल्यावरचं मत

आमच्या आयसीयूत गेल्या पावसाळ्यात बेडसाइड मॉनिटर बदलले आणि नर्सिंग स्टेशनवर सगळ्या बेडचे आकडे एकत्र दाखवणारा मोठा सेंट्रल मॉनिटर आला. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी स्टाफ नर्स आहे, खरेदीच्या कमिटीत नव्हते. (सिस्टरांना तिथे कोण विचारतं म्हणा.)

आधी चांगलं ते सांगते. आकडे ठसठशीत आहेत. एका पेशंटचं सक्शन चालू असताना मान वळवली तरी पलीकडच्या बेडचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) वाचता येतं. ईसीजी हिरवा, सॅच्युरेशन निळसर, रंग पूर्वीचेच ठेवलेत, त्यामुळे नजरेला नवं काही शिकावं लागलं नाही. सॅच्युरेशन घसरलं की बीपचा सूरही खाली उतरतो. जुन्या मॉनिटरला हे होतंच, पण इथे आवाज स्वच्छ आहे. पाठमोरी उभी राहून इंजेक्शन भरत असले तरी कळतं, की तीन नंबरच्या आजी उतरायला लागल्या. स्क्रीनवर कितीही रंगीत चौकटी काढा, त्या उतरत्या सुराची सर कशालाच नाही. मागच्या बारा तासांचा ट्रेंडही चटकन उघडतो. ‘रात्री बीपी कधी पडलं?’ असं सकाळी डॉक्टरांनी विचारलं की चार्ट चाळत बसायला नको.

खरी तक्रार अलार्मची. आवाज बंद करायचं बटण समोर, मोठं, एकदा दाबलं की दोन मिनिटं शांत. अलार्मची मर्यादा बदलायची तर मेनूत शिरा, पॅरामीटर शोधा, आत आणखी एक पान, मग पासवर्ड. हातात ग्लोव्ह्ज, शेजारचा व्हेंटिलेटर ओरडतोय, अशा वेळी कोण आत शिरणार? सगळे आवाजच बंद करतात. सीओपीडीचे (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे) एक आजोबा सॅच्युरेशन ८९ वर निवांत झोपलेले. ८८ ते ९२ चालेल असं डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं. पण मॉनिटरची खालची मर्यादा ९०. रात्रभर दर दोन मिनिटांनी तेच. पासवर्ड इनचार्ज सिस्टरांकडे आणि त्या सकाळच्या ड्युटीला. पहाटेपर्यंत त्या बेडचा आवाज कानात शिरेनासा होतो, आणि नेमका तेव्हाच आकडा ८२ झाला तर?

हे एकट्या आमचं रडगाणं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या रुग्णालयात ७७ आयसीयू बेडचे अलार्म ३१ दिवस नोंदवले होते. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एकूण अलार्म २५ लाखांच्या वर, त्यातले ऐकू येणारे दर बेडमागे रोज सरासरी १८७. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे जे अलार्म तपासून पाहिले, त्यातले जवळजवळ ८९ टक्के खोटे निघाले. सिस्टर अलार्मकडे लक्ष देत नाहीत म्हणणाऱ्यांना मी हेच आकडे ऐकवते.

सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते बीपीच्या कफने, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याने. कफ आणि प्रोब (सॅच्युरेशनसाठी बोटाला लावायचा चिमटा) एकाच हाताला असले, की कफ फुगताच बोटातला रक्तप्रवाह थांबतो, सॅच्युरेशन गायब, अलार्म सुरू. प्रोब दुसऱ्या हाताला लावा, हे पुस्तकातलं उत्तर. दुसरा हात प्लास्टरमध्ये असेल तर? मग बायोमेडिकलचे, म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्या विभागाचे दादा एकदा दुसऱ्याच कामाला आले आणि बोलता बोलता समजलं, की कफ फुगलेला असेपर्यंत सॅच्युरेशनचा अलार्म रोखून धरायची सोय मॉनिटरमध्ये पहिल्यापासून आहे. कंपनीने ती बंद ठेवून दिली होती. ट्रेनिंगमध्ये अवाक्षर नाही. ट्रेनिंग म्हणजे तरी काय, दुपारी अर्धा तास, समोसे, आणि समोर फक्त सकाळच्या ड्युटीवाल्या. सोय चालू केली त्याच रात्री फरक जाणवला.

सेंट्रलवर नावाला जागा इतकी कमी, की आडनाव कसंबसं मावतं. आमच्याकडे एका वेळी दोन-तीन पाटील ॲडमिट असणं नेहमीचंच. शेजारशेजारच्या दोन चौकटींत ‘पाटील सु’. एक सुरेश, दुसऱ्या सुनंदा. आम्ही स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टी लावून पूर्ण नाव आणि वय पेनाने लिहितो. महागड्या स्क्रीनवर चिकटपट्टी बघून राऊंडला आलेले साहेब नाक मुरडतात, मुरडू देत. शिवाय जुन्या पेशंटला सिस्टीममधून काढायचं राहिलं, तर नव्या पेशंटला जुन्याच्याच मर्यादा आणि जुनाच ट्रेंड लागू राहतो. सगळ्या लीड (छातीला लावलेल्या ईसीजीच्या वायरी) काढून बराच वेळ झाला, तर ‘पेशंट बदलला का?’ एवढं मॉनिटरने स्वतःहून विचारायला काय हरकत होती?

टच ठीक आहे, पण सॅनिटायझरचा ओला हात लागला की भरकटतो.

तुमच्याकडे खरेदी चालली असेल तर डेमोला रात्रपाळीच्या एका सिस्टरला बसवा. ग्लोव्ह्ज घालून एका बेडची सॅच्युरेशनची मर्यादा तिला बदलायला सांगा, कंपनीच्या माणसाने मधे बोलायचं नाही. कफची ती सोय चालू करून द्यायला लावा. आणि प्रोब नि ईसीजी केबलचे दर आधीच लिहून घ्या, कारण आमच्या एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) त्या धरलेल्या नाहीत आणि दोन प्रोब आत्ताच टेपवर चालले आहेत.