रेआल आकादेमियाचा ऑनलाइन कोश: धातू चालवायला कितपत कामाचा?

रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि क्रियापद शोधलं की त्याची सगळी रूपंही मिळतात. वर्तमान सबजंक्टिव्हमध्ये (इच्छा, शंका वगैरे दाखवणाऱ्या रूपांत) स्वर बदलणाऱ्या धातूंसाठी आमचं मत: तपासायला उत्तम, शिकायला अपुरा.

तक्ता रूप देतो, कारण देत नाही. 'पेन्सार'चं 'पिएन्से', मग 'पेन्सेमोस' का? आघात धातूवर असेल तरच स्वर फुटतो, म्हणजे 'ए'चा 'इए' किंवा 'ओ'चा 'उए' होतो. 'नोसोत्रोस' (आम्ही) आणि 'वोसोत्रोस' (तुम्ही) यांच्या रूपांत आघात प्रत्ययावर सरकतो, म्हणून मूळ स्वर परत येतो. मूळ रूप 'आर' किंवा 'एर'ने संपणाऱ्या गटांना एवढं पुरतं: 'वोल्वेर'चं 'वुएल्वा', पण 'वोल्वामोस'.

खरी गोची 'इर' गटात. तिथे या दोन रूपांतही स्वर बदलतो, फक्त वेगळा. 'सेन्तिर'चं 'सिएन्ता', पण 'सिन्तामोस', 'सिन्ताइस'. 'दोर्मिर'चं 'दुएर्मा', पण 'दुर्मामोस'. 'पेदिर' त्या मानाने गरीब: सहाही रूपांत 'पिद'. सवयीने 'सेन्तामोस' लिहिलं तर शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही गप्प बसतं, कारण ते 'सेन्तार' म्हणजे बसवणे याचं साधं वर्तमानकाळी रूप आहे. उलट 'सेन्तार'चं सबजंक्टिव्ह 'सिएन्ते', तेच 'सेन्तिर'चं साधं वर्तमान. ही जोडी शेजारी ठेवूनच पाठ करावी.

म्हणून अख्खा तक्ता वाचू नका. थेट सबजंक्टिव्हच्या भागात जा आणि 'यो' (मी) व 'नोसोत्रोस' एवढीच दोन रूपं पाहा. बाकीची त्यावरून निघतात. 'मेन्तिर' शोधलंत तर कोश सांगतो की ते 'सेन्तिर'सारखं चालवा. ही सूचना सोन्यासारखी आहे. 'कोन्तार', 'मोवेर', 'एन्तेन्देर', 'सेन्तिर', 'पेदिर', 'दोर्मिर' असे मोजके नमुने पक्के झाले की बहुतेक काम झालं.

लेखनातला बदल मात्र तक्त्यात वेगळा काढून दाखवलेला नाही. 'एम्पेसार'चं 'एम्पिएसे', 'एम्पेसेमोस': दुसऱ्या रूपात स्वर परत आला, पण झेडचा झालेला सी तसाच राहिला. 'खुगार'मध्ये जीनंतर यू घालावा लागतो, तोही सहाही रूपांत. 'ओलेर'च्या 'उएला'पुढे न उच्चारला जाणारा एच येतो आणि 'ओलामोस'मध्ये जातो.

सरावाची सोय कोशात नाही. रूपं आधी स्वतः लिहून काढा, मगच तक्ता उघडा.