गळती सापडेपर्यंत पाना न उचलणारे आडगावचे वर्कशॉप

माझा दहा टायरी ट्रक लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशी किंवा न्हावा-शेव्याला जातो आणि परतताना भिवंडीहून मिळेल तो माल घेऊन कसारा घाट चढतो. गेल्या नोव्हेंबरपासून प्रत्येक फेरीनंतर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतील पातळी लिटर-दीड लिटरने खाली जाऊ लागली. गाडीखाली मात्र एक थेंबही दिसत नव्हता. एका गॅरेजमध्ये रेडिएटरचे झाकण बदलून दिले. दुसऱ्या गॅरेजमध्ये गळती बुजवणारे द्रव्य ओतले आणि त्याचाही उपयोग होईना, तेव्हा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरील हेड यांमधला सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेले असे सांगून ३५,००० रुपयांचा अंदाज हाती दिला. दोन्ही ठिकाणी कोणतीही तपासणी झाली नव्हती, हे मला नाशिकजवळच्या आडगावच्या या वर्कशॉपमध्ये आल्यावर कळले.

येथील मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी माझ्या ड्रायव्हरला पंधरा मिनिटे प्रश्न विचारले. पातळी रात्री उभ्या गाडीत उतरते की चालत्या गाडीत, चढाला तापमानाचा काटा कुठपर्यंत जातो, सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर येतो का, ऑइल दुधाळ झाले आहे का, हे सर्व विचारून झाल्यावर त्यांनी गाडी रात्रभर तिथेच ठेवण्यास सांगितले, कारण त्यांना इंजिन पूर्ण गार हवे होते. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता आणि निफाडकडच्या थंडीचा कडाका आडगावपर्यंत पोहोचला होता. ती थंडीच पुढे उपयोगी पडली.

पहाटे त्यांनी टाकीच्या झाकणाच्या जागी मापक असलेला हातपंप बसवला आणि १५ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) दाब भरला. झाकणावर जेवढा दाब लिहिला असेल त्याच्या पुढे पंपाचा एक झटकाही मारायचा नाही, नाहीतर चांगला रेडिएटर फुटतो, असे ते मदतनिसाला समजावत होते. दहा मिनिटांत काटा ११ वर आला. टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घेऊन शोधल्यावर एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या बारीक होज पाइपच्या क्लिपपाशी ओल दिसली. थंडीत रबर आकसते आणि क्लिपची पकड सैल होते. इंजिन तापले की तोच सांधा पुन्हा घट्ट बसतो. पडणारे थेंब चॅसिसच्या आडव्या पट्टीवर वाळून जात असल्यामुळे जमिनीवर काहीच दिसत नव्हते. होज आणि क्लिप दोन्ही बदलण्यात आले.

माझ्या मते या वर्कशॉपचे खरे मोल इथून पुढे दिसले. एक गळती सापडली, बदली झाली, गाडी धुऊन मालकाच्या हवाली केली, अशीच आपल्याकडची रीत आहे. मिस्त्रींनी मात्र पुन्हा दाब भरला आणि अर्धा तास थांबले. काटा १५ वरून १४ वर आला. “शेठ, काटा अजून उतरतोय, गाडी आज देत नाही,” एवढेच ते म्हणाले. माझी वाशीची खेप चुकणार होती, तरीही त्यांचे मला पटले. कारण गळतीतून कूलंट जाते तसा दाबही जातो. नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर साधे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, ते बंद टाकीतील दाबामुळेच १२० अंशांच्या जवळपासपर्यंत टिकते. दाब धरला नाही, तर टाकी भरलेली असूनही भरल्या गाडीने घाटात इंजिन उकळू शकते.

हेड गॅस्केटचा संशय त्यांनी अंदाजाने फेटाळला नाही. इंजिन चालू ठेवून टाकीतील हवा निळ्या द्रवातून ओढून घेतली. सिलिंडरमधील जळालेला वायू पाण्यात मिसळत असेल, तर या द्रवाचा निळा रंग बदलतो. तो निळाच राहिला आणि माझे ३५,००० रुपये तिथेच वाचले. त्यानंतर कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकून गाडी ओझरपर्यंत नेऊन आणली. पंख्यामागे जांभळा दिवा धरताच वॉटर पंपाच्या पोटाशी असलेल्या बारीक छिद्रापासून मागच्या दिशेने गेलेला हिरवट-पिवळा ओघळ उजळून निघाला. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावे, यासाठीच ते छिद्र ठेवलेले असते. पंप फिरत असतानाच ही गळती वाढत होती, आणि पंख्याचा वारा ते पाणी तापलेल्या इंजिनवर उडवून वाळवत होता. इतके दिवस थेंब का दिसला नाही, याचे उत्तर मला त्या ओघळात मिळाले.

पंप बदलताना त्यांनी गळती बुजवणाऱ्या द्रव्याचा गाळ आणि आमच्या ड्रायव्हरने वाटेत भरलेल्या बोअरच्या पाण्याचा क्षार धुऊन काढला. नवे कूलंट निम्मे आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे या प्रमाणात, तेही इंजिन बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचेच, भरले. अशा ट्रकच्या डिझेल इंजिनात बहुधा लायनरला (सिलिंडरच्या आतील धातूच्या नळीला) बाहेरून थेट पाणी लागते, कंपनामुळे तिथे सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि संरक्षक रसायन नसेल तर लायनरला बारीक छिद्रे पडतात. म्हणून साधे पाणी भरून भागवू नये, हे त्यांनी ड्रायव्हरला बसवून सांगितले. काढलेले जुने कूलंट गटारात न सोडता ड्रममध्ये साठवले, याची मी विशेष नोंद करतो. त्याची चव गोड असल्याने कुत्री आणि गुरे ते पितात आणि मरतात.

पंप, होज, क्लिप, कूलंट आणि मजुरी मिळून १२,६५० रुपये झाले. त्यात तपासणीचे ८०० रुपये वेगळे दाखवले होते आणि जुने भाग पिशवीत घालून परत दिले. उणिवा सांगायच्या तर ड्रायव्हरला बसायला सावलीची जागा नाही, पक्के बिल मागितल्यावरच मिळाले आणि एका दिवसाचे काम अडीच दिवसांवर गेले. यांतील शेवटची बाब मी तक्रार म्हणून लिहीत नाही, परंतु खेप ठरलेली असलेल्यांनी ती धरून चालावे.

त्यानंतर गाडीच्या नऊ फेऱ्या झाल्या आहेत. मिस्त्रींनी टाकीवर खडूने मारलेल्या खुणेवरच पातळी आहे आणि कसाऱ्याच्या चढाला तापमानाचा काटा मध्याच्या वर गेलेला नाही. गाडी दाखवायची असल्यास संध्याकाळी नेऊन लावावी, वाटेत टाकीत पाणी घालू नये आणि गरम झाकण स्वतः उघडू नये. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुरू होते.