स्पॅनिशमध्ये आवड सांगायची, तर आधार पोर्तुगीजचा की मराठीचा?

गोव्यात स्पॅनिश शिकायला घेतली की हमखास ऐकू येतं, पोर्तुगीज येत असेल तर अर्धं काम झालं. शब्दांपुरतं ते खरं आहे. सोशल मीडियाला स्पॅनिशमध्ये 'रेदेस सोसियालेस', पोर्तुगीजमध्येही जवळपास तेच.

पण आवड सांगताना पोर्तुगीज चकवते. तिथे 'गोश्तु द फुतबॉल', म्हणजे कर्ता मी. स्पॅनिश मात्र म्हणते 'मे गुस्ता एल फुतबोल': अगदी आपलं 'मला फुटबॉल आवडतो'! अनेकवचनही तसंच, 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तकं आवडतात. कोंकणीतलं 'म्हाका आवडटा' त्याच साच्यातलं. फेसबुकवरचं लाइकसुद्धा 'मे गुस्ता'च. फोटो टाकायला 'सुबीर', चढवणे. असे शब्द मात्र पाठच करावे लागतात.

माझा कौल मराठीला. शब्द शोधता येतात, वाक्याचा साचा आतून यावा लागतो, आणि तो आपल्याकडे आधीच आहे.