ब्रायरच्या नावाखाली रंगवलेलं लाकूड गळ्यात मारलं, ३४,५०० रुपये गेले

सगळं सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे घरी तंबाखूचे पाईप बनवणारे लोक मोजकेच आहेत आणि मला फसवणारा हा माणूस नेमका अशांनाच गाठतो.

मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत टूलरूमला नोकरी. घराच्या मागच्या पडवीत छोटा लेथ, एक ड्रिल, कानशी आणि पॉलिश पेपर एवढंच माझं वर्कशॉप. मी स्वतः ओढत नाही, पण पंचवटीतले आमचे मोठे मामा चाळीस वर्षांपासून पाईप ओढतात, त्यांचा एक जुना पाईप तुटला तेव्हा दुरुस्त करायला घेतला आणि तिथून हा नाद लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाईपचं लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत एक झुडूप असतं, एरिका आर्बोरिया, त्याच्या मुळाच्या आणि खोडाच्या मधे जी गाठ वाढते ती कापून, कित्येक तास पाण्यात उकळून, मग महिनोन्महिने सावलीत वाळवतात तेव्हा कुठे पाईपचा ब्लॉक तयार होतो. उकळल्यामुळे आतला कडू रस निघून जातो. आत निखारा असला तरी हे लाकूड सहजी जळत नाही, म्हणून तर एवढी किंमत. आपल्याकडे ते होत नाही, इटली, ग्रीस, अल्जेरिया अशा ठिकाणांहूनच येतं.

तर इन्स्टाग्रामवर माझ्या पाईपचे फोटो बघून एकाचा मेसेज आला, मी इटलीतून ब्लॉक मागवतो, तुम्हाला हवेत का. बोलणं एकदम जाणकाराचं. मी आधी दोनच ब्लॉक मागवले आणि ते खरंच उत्तम निघाले, एकाचे तर उभे रेषे इतके सरळ की फिनिशिंग करताना हात थांबत नव्हता. तिथेच माझा विश्वास बसला. मग तो म्हणाला की मोठा लॉट येतोय, २० ब्लॉक घेतले तर १,४०० ने देतो. २८,००० यूपीआयने पाठवले. आठ दिवसांनी फोन, दादा माल कस्टममध्ये अडकलाय, ६,५०० भरावे लागतील, तेही त्याच्याच नंबरवर. तेही भरले. खरं तर बाहेरून पार्सल आलं की ड्युटी कुरिअरवाले किंवा पोस्ट घेतात आणि त्याची पावती देतात, कुणाच्या खासगी यूपीआयवर ती कधीच जात नाही, हे तेव्हा विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं.

पार्सल आलं ते देशातल्याच कुरिअरचं, बुकिंगही इथलंच. ब्लॉक सगळे मेणात बुडवलेले. आता मेण लावणं हे काही फसवणुकीचं लक्षण नाही, ब्लॉक हळूहळू वाळावा आणि तडकू नये म्हणून चांगले विक्रेतेही लावतात, म्हणून मी काही बोललो नाही. एक ब्लॉक घेऊन मामांसाठी पाईप केला. ४ एमएमचं भोक पाडताना भुसा ड्रिलला चिकटत होता, ओलसर, आणि वास आंबूस. वाळलेल्या ब्रायरचा भुसा कोरडा पडतो, वासही वेगळा, हे मला माहीत होतं आणि तरी मी पुढे गेलो, कारण मामांचा वाढदिवस जवळ आला होता.

मामांनी तिसऱ्यांदा भरून पेटवला आणि फोन केला. म्हणाले, "अरे, यात तंबाखू जळत नाहीये, लाकूड जळतंय रे." मी गाडी काढून पंचवटीत गेलो. वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरतात त्या खोलगट भागाच्या तळाला काळा खड्डा, बाहेरून तडा आणि मामांच्या पांढऱ्या पंच्याला लालसर डाग. जीभ चुरचुरतेय म्हणाले. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. सत्तरीच्या माणसाच्या तोंडात मी माझ्या हाताने कसला रंग दिला होता कुणास ठाऊक.

घरी येऊन दुसरा ब्लॉक करवतीने मधोमध कापला. वरचे दोन एमएम तांबूस, आत फिकट पिवळट. त्यातला तुकडा गरम पाण्यात टाकला तर दहा मिनिटांत पाणी चहासारखं झालं. किचनच्या काट्यावर एका अख्ख्या ब्लॉकचं वजन केलं, आधीच्या खऱ्या ब्लॉकच्या मापाचाच पण २१० ऐवजी २९० ग्रॅम, आणि मेण खरवडून ठेवला तर आठवड्यात २२ ग्रॅम उतरला. वाळलेल्या ब्लॉकचं वजन असं उतरत नाही. भद्रकालीतल्या ओळखीच्या कातारी काकांना दाखवला, त्यांनी नखाने खरवडून बघितला आणि म्हणाले बाभूळ वाटतेय, ओलीच कापलीय.

त्या माणसाने तोवर मला ब्लॉक केलं होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, नंबर मिळाला, पण पैसे पाठवून तीन आठवडे झाले होते, खात्यात काही उरलंच नव्हतं. तिथले साहेब एवढंच म्हणाले की लगेच कळवलं असतं तर रक्कम होल्डवर टाकता आली असती. पैसे गेले की त्याच तासाला १९३० लावा, माल बघू मग ठरवू असं करत बसू नका. आणि सँपल चांगलं निघालं म्हणून अख्ख्या लॉटचे पैसे आधी देऊ नका, मोठ्या लॉटमधलाच एक ब्लॉक व्हिडिओ कॉलवर तुमच्यासमोर मधोमध कापायला सांगा. खरा माल असेल तर एक ब्लॉक वाया घालवायला कुणी का कू करणार नाही, हवं तर त्याचे पैसे तुम्ही द्या.

उरलेले अठरा ब्लॉक पुरावा म्हणून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेत. मामांना जुन्या खऱ्या ब्लॉकमधून नवा पाईप करतोय, वाटी कोरून झालीय, मुखनळी बसवायची बाकी आहे. कुणाला असे मेणातले ब्लॉक "इटलीचा लॉट" म्हणून दाखवले जात असतील तर मेसेज करा, कापलेल्या ब्लॉकचे फोटो पाठवतो, मेणाखालचा रंग त्यात स्पष्ट दिसतो.