चरित्र भूमिकांसाठी टोप-दाढी भाड्याने देणारं नागपूरच्या महाल भागातलं दुकान

म्हातारा, सावकार, वकील अशा भूमिका करणाऱ्या नागपूरच्या नटांनी इथे जरूर जावं. दाढ्या जाळीवर एकेक केस गाठवून केलेल्या आहेत, पहिल्या रांगेतूनही कड दिसत नाही. टोप देण्याआधी डोक्याचा घेर आणि कानापासून कानापर्यंतचं माप घेतात, हे फार मोलाचं. सैल टोप वाकून नमस्कार करताना मागून उचलतो.

दाढी मात्र नीट लावा. कातडी तेलकट राहिली की घामाने दुसऱ्या अंकात कड सुटलीच समजा, म्हणून आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा. मग स्पिरिट गम म्हणजे दाढी चिकटवायच्या डिंकाचा पातळ हात द्या, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबा, मग आधी हनुवटी आणि नंतर कल्ले ओलसर फडक्याने दाबा. तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर बोलताना ओढ बसते आणि शब्द दबतात. काढताना ओढायचं नाही, जाळी फाटते. कडेला गम सोडवणारा रिमूव्हर लावून ती सुटू द्या.

पांढऱ्या मिशा पिवळट पडल्यात, जाळीत जुन्या गमचे खडे आहेत. एवढ्या चांगल्या कामाला हे शोभत नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचा, हंगाम लागला की निवडक माल त्या नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाकडे जातो, तेव्हा नोंदणी आधीच करा.